तांबं, पितळ, कासं: रोमन नाणी वाचायला शिकताना

नाणी विकणाऱ्यांच्या याद्यांत 'ब्राँझ' हा शब्द फार ढिला वापरलेला असतो. रोमचं सोनं-चांदी बाजूला काढलं की उरलेलं सगळं ब्राँझ. आपल्याकडे ज्या घरात तांब्याचा बंब, पितळेची परात आणि तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी होती, तिथल्या कुणालाही हे तिन्ही एकच म्हणून पटायचं नाही. तांबं लालसर, पितळ पिवळं, कासं फिकट आणि वाजवलं की खणखणणारं. रोमन नाण्यांशी ओळख करून घेताना ही घरची नजर फार उपयोगी पडते. घरचीच दुसरी एक सवय मात्र नाण्याचा जीव घेते. तिच्याकडे पुढे येतोच.

हा लेख ज्यांनी अजून एकही रोमन नाणं हातात घेतलेलं नाही, किंवा हौसेने दोन-चार मागवून ठेवलीत आणि आता पुढे काय करायचं कळत नाही, त्यांच्यासाठी आहे.

आधी काळ ठरवा

रोमन तांब्या-पितळेच्या नाण्यांचा पसारा जवळजवळ आठशे वर्षांचा आहे. सगळं एकदम गोळा करायला निघालात तर काहीच हाती लागत नाही. ढोबळ मानाने तीन टप्पे करा.

पहिला टप्पा प्रजासत्ताकाचा, म्हणजे रोममध्ये सम्राट येण्याआधीचा. सुरुवातीचं 'अस' हे नाणं साच्यात ओतलेलं असे आणि त्याचं वजन एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. नाणं कसलं, वजनाचं मापच ते. पुढे ते घटत घटत गेलं. एका बाजूला दोन तोंडांचा देव जेनस, दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ. रोमन पोरं नाणं उडवताना 'डोकं की जहाज?' असं ओरडत, म्हणजे आपलं छापा-काटाच. ही नाणी बघायला सुरेख, पण नवख्याने यांच्यापासून लांब राहावं. बऱ्या अवस्थेतली महाग असतात आणि स्वस्तातली ओळखू येत नाहीत.

दुसरा टप्पा पहिल्या सम्राटाने, ऑगस्टसने, इ.स.पू. 23 च्या सुमारास घालून दिलेल्या व्यवस्थेचा. ती पुढे अडीचशेहून जास्त वर्षं टिकली. मोठं 'सेस्टर्शियस', त्याच्या अर्ध्या किमतीचं 'ड्युपाँडियस', त्याच्याही अर्ध्या किमतीचं 'अस' आणि असचा चौथा भाग 'क्वाड्रन्स'. चांदीचा एक डिनेरियस मोडला तर चार सेस्टर्शियस किंवा सोळा अस मिळत. पाँपेईतल्या एका दारूच्या दुकानातलं भिंतीवरचं लिखाण प्रसिद्ध आहे: एक अस दिलात तर इथे प्यायला मिळेल, दोन दिलेत तर जरा बरी, चार दिलेत तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळची उंची वाइन. त्यावरून असची किंमत लक्षात राहते. (डिनेरियसवरून संस्कृतात 'दीनार' आला, हेही जाता जाता.)

तिसरा टप्पा उत्तरकाळाचा. सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 294 च्या सुमारास नाणी नव्याने पाडायला घेतली तिथून पुढची साधारण शंभर-सव्वाशे वर्षं. याच काळातली, विशेषतः सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या राजवटीतली लहान नाणी घेऊन सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती प्रचंड संख्येने पाडली गेली, प्रचंड संख्येने पुरली गेली आणि आजही सापडतात. हॉटेलात चौघांच्या जेवणाला जेवढे पैसे जातात त्याहून कमी पैशात चांगलं वाचता येणारं नाणं मिळतं. मुख्य म्हणजे त्यांवर टांकसाळीचं नाव असतं. सेस्टर्शियसवर ते जवळजवळ कधीच नसतं.

टेबलावर काय लागतं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारा सोनारी वजनकाटा (साधा इलेक्ट्रॉनिक, ऑनलाइन मिळतो) आणि मिलिमीटर मोजायला कॅलिपर. मान वाकवता येणारा टेबललँप. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी. एक वही.

यात लँपचं महत्त्व नवख्यांना पटत नाही. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली नाणं म्हणजे नुसता काळा-हिरवा तुकडा. तेच नाणं टेबलावर ठेवा, लँप नाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणा, प्रकाश एका कडेने आडवा पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. नव्हती ती अक्षरं सावलीतून वर येतात. मोबाइलने त्याच प्रकाशात फोटो काढून मोठा केलात तर आणखी दोन अक्षरं मिळतात.

एक नाणं, सावकाश

माझ्याकडचं एक नाणं घेऊन दाखवतो. अठरा मिलिमीटर, 2.4 ग्रॅम, रंग गडद तपकिरी-हिरवा. म्हणजे आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढंच जवळजवळ.

छाप्यावर उजवीकडे बघणारा तरुण चेहरा, डोक्यावर पानांची माळ, खांद्यावर चिलखत. लेख (कडेने कोरलेली अक्षरं) सुरू होतो तो डाव्या खांद्याखालून, घड्याळात सात वाजता लहान काटा असतो तिथून, आणि घड्याळाच्याच दिशेने डोक्यावरून फिरून उजवीकडे उतरतो. हे आधी पाठ करा, कारण नवखा माणूस वरून वाचायला लागतो आणि शब्दाच्या मधोमध सापडतो.

आता एकेक अक्षर: सी, ओ, एन, एस, टी, ए, एन, टी, आय, एन, व्ही, एस. रोमन लोक 'यू'च्या जागी 'व्ही' कोरत आणि 'जे'च्या जागी 'आय'. तेव्हा हा झाला 'कॉन्स्टँटिनस', म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या नावाचं लॅटिन रूप. पण थांबा. या घराण्यात मुलांची नावं ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही. बाप कॉन्स्टँटिनस, मुलं कॉन्स्टँटिनस, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टान्स, आजोबा पुन्हा कॉन्स्टँटियस. पहिली नऊ अक्षरं सारखी, दहावं 'एन' आहे की 'व्ही' यावर अख्खा माणूस बदलतो. 'कॉन्स्टान्स' तर आठव्या अक्षरालाच वेगळा पडतो. म्हणून ते दहावं अक्षर तीन वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश पाडून बघा. इथे घाई केलेली माझी निम्मी वही खोडलेली आहे.

पुढे आहे: आय, व्ही, एन. म्हणजे 'ज्युनियर'. त्यापुढे एन, ओ, बी, सी: 'नोबिलिसिमस सीझर', युवराजाची पदवी. तर हा बाप नव्हे, मुलगा: दुसरा कॉन्स्टंटाइन. तो 317 मध्ये सीझर झाला आणि बाप 337 मध्ये मेल्यावर सम्राट. वीस वर्षांची चौकट मिळाली. माळही तेच सांगते. या काळात सम्राटाच्या डोक्यावर बहुधा मोत्यांचा किंवा फुलांचा शिरपट्टा असतो, युवराजाच्या डोक्यावर पानांची माळ.

नाणं उलटा. काट्यावर दोन शिपाई भाले-ढाली घेऊन समोरासमोर उभे, मध्ये दोन निशाणं. भोवती 'ग्लोरिया एक्सर्सिटस', सैन्याचा गौरव. आता ती निशाणं मोजा. हा निव्वळ चाळा नाही. 330 ते 335 या काळात दोन निशाणं आहेत. 335 नंतर नाण्याचं वजन उतरवलं आणि लहान चकतीवर एकच निशाण ठेवलं. दोन निशाणांचं नाणं अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं, एका निशाणाचं दीडच्या. आपलं 2.4 भरलं होतं. चित्र आणि वजन एकमेकांना दुजोरा देतात. वीस वर्षांची चौकट पाचावर आली.

शेवटी शिपायांच्या पायाखाली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली लहान अक्षरं: एस, एम, टी, एस, आणि एक ग्रीक अक्षर. 'एसएम' म्हणजे 'साक्रा मोनेटा', बादशाही टांकसाळ म्हणा. 'टीएस' म्हणजे थेसालोनिका, आजच्या ग्रीसमधलं थेसालोनिकी. शेवटचं अक्षर टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक: अल्फा पहिला, बीटा दुसरा, असं. एखादी नाण्यांची खेप हलकी निघाली तर कुणाला धरायचं हे त्यावरून कळे.

झालं. अठरा मिलिमीटरच्या तुकड्यावरून माणूस, शहर, कारखाना आणि पाच वर्षांचा काळ. हा धडा एकदा पन्नास नाण्यांवर गिरवा.

टांकसाळीच्या खुणांत काही जोड्या हमखास फसवतात. 'कॉन्स' अशी अक्षरं दिसली की सगळे कॉन्स्टँटिनोपल म्हणून मोकळे होतात. पण फ्रान्समधल्या आर्लचंही नाव त्या काळात बदलून कॉन्स्टंटिना केलं होतं आणि तिथली नाणीही 'कॉन्स्ट' लिहितात. फरक असा, की आर्लच्या खुणेत कारखान्याचं अक्षर आधी येतं ('पी कॉन्स्ट', 'एस कॉन्स्ट'), कॉन्स्टँटिनोपलच्या खुणेत नंतर. 'सिस' म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. 'टीआर' म्हणजे जर्मनीतलं ट्रीअर. 'एसएमके' म्हणजे मार्माराच्या समुद्राकाठचं सायझिकस. 'एसएमएन' म्हणजे निकोमीडिया, आजचं तुर्कस्तानातलं इझमित. 'एसएमएएन' असेल तर अँटिओक. 'पीएलओएन' दिसलं तर लंडन, आणि नाणं 325 नंतरचं नाही, कारण त्या वर्षी ती टांकसाळ बंद झाली.

अक्षरं पुसली असतील तर अंदाजाने भरू नका. वहीत वाचलेलं अक्षर लिहा, न वाचलेल्याच्या जागी टिंब. मग अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ओसीआरई' या मोफत संकेतस्थळावर राजा, टांकसाळ आणि लेखाचा मिळालेला तुकडा टाकून शोधा. तिथे मिळणारा 'आरआयसी' ('रोमन इम्पीरियल कॉइनेज' या सूचीतला) क्रमांक हा जगभर चालणारा पत्ता आहे. विक्रेतेही त्याच क्रमांकाने बोलतात. ज्यांनी शिवराई गोळा केल्यात त्यांना हे नवं नाही. ठशापेक्षा चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव'मधला 'शिव' कडेबाहेर गेलेला, आणि उरलेल्या दोन काना-मात्रांवरून जात ठरवायची. कसब तेच, लिपी वेगळी.

चेहरामोहरा लवकर ओळखू यावा म्हणून आणखी तीन-चार चित्रं डोळ्यांत बसवा. लांडगी आणि तिला लुचणारी दोन बाळं, वर दोन तारे: छाप्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि 'उर्ब्स रोमा'. त्याचीच जोडीदार: छाप्यावर 'कॉन्स्टँटिनोपोलिस', काट्यावर जहाजाच्या नाळेवर पाय दिलेली विजयदेवी. नवी राजधानी 11 मे 330 रोजी वसवली त्या सुमाराची ही दोन्ही. राजाचं नावच नाही म्हणून गोंधळू नका. बुरूज असलेला दरवाजा दिसला तर 'प्रॉव्हिडेन्शिए', त्याच्या थोडं आधीचा. आणि घोड्यासकट कोसळलेल्या स्वाराला भाल्याने भोसकणारा शिपाई म्हणजे 348 पासूनचं 'फेल टेम्प रेपारात्शियो', सुखाचे दिवस परत आले. हे नाणं सुरू झालं तेव्हा पाच ग्रॅमच्या आसपास भरत होतं. सात-आठ वर्षांत निम्म्यावर आलं. घोषणा मात्र तीच राहिली. जाहिरातीचा आणि भाववाढीचा संबंध जुना आहे.

मोठी नाणी

लहान नाण्यांवर हात बसल्यावरच सेस्टर्शियसकडे वळा. पंचवीस ग्रॅमचं, तेहतीस-चौतीस मिलिमीटरचं जाड नाणं तळहातावर घेतलं की गोळा करणाऱ्याचं मन ठिकाणावर राहत नाही, आणि तिथेच खिसा रिकामा होतो.

सुरुवातीला म्हटलेली घरची नजर इथे कामाला येते. सेस्टर्शियस आणि ड्युपाँडियस पितळेचे, अस तांब्याचं. ड्युपाँडियस आणि अस आकाराने जवळजवळ सारखे, पण किमतीत दुप्पट फरक. रोमन माणूस रंगावरून ओळखे. आपल्यापर्यंत आलेल्या नाण्यावर हिरवा थर असतो, तरी कडेला किंवा नाकाच्या शेंड्यावर घासलेली जागा शोधा. पिवळं चमकलं तर ड्युपाँडियस, लालसर दिसलं तर अस. नीरोपासून आणखी एक खूण मिळते: ड्युपाँडियसवरच्या राजाच्या मुकुटाला सूर्यकिरणांसारखी टोकं असतात, असवर साधी पानांची माळ. खूण नेहमी पाळलेली नाही, राण्यांच्या नाण्यांवर तर ती चालतच नाही. तेव्हा रंगावर जास्त विश्वास ठेवा.

हे पितळ करायची रोमन रीत मला फार आवडते. सुटं जस्त त्यांना काढता येत नव्हतं. तांब्याचे तुकडे, जस्ताचा दगड आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवायचे. जस्ताची वाफ होऊन ती तांब्यात मुरायची. जस्त डोळ्यांना न दिसताच पितळ तयार.

काट्यावर 'एस सी' अशी ठसठशीत दोन अक्षरं असतील तर ती 'सेनाटस कन्सल्टो', सेनेटच्या ठरावाने. काळ ठरवायचा तर 'सीओएस' आणि पुढचा आकडा बघा, म्हणजे राजा किती वेळा कॉन्सुल (रोमचं सर्वोच्च सरकारी पद) झाला ते. अँटोनिनस पायसचा आकडा चार असेल तर नाणं 145 ते 161 मधलं. ट्रेजनचा पाच असेल तर 103 ते 111, सहा असेल तर 112 नंतरचं.

आणि ग्रीक अक्षरं दिसली तर हबकू नका. ती पूर्वेकडच्या गावांनी पाडलेली प्रांतिक नाणी. तो वेगळा संसार आहे, सध्या बाजूला ठेवा.

धुणं

आता ती घरची सवय. माझ्या पहिल्या मागवणीत मातीने भरलेली, न धुतलेली दहा नाणी होती. देवघरातला तांब्या आमच्याकडे चिंच-मिठाने घासतात. पाच मिनिटांत लखलखतो. मी चार नाणी चिंचेच्या कोळात रात्रभर घातली. सकाळी वाटीत चार गुलाबी चकत्या होत्या. खडबडीत, भोकं पडलेल्या, आणि एकावरही नाक, डोळा, अक्षर नाही. मी ती वाटी बराच वेळ हातात धरून उभा होतो.

झालं काय, ते नीट समजून घ्या. दीड हजार वर्षं मातीत राहिल्यावर नाण्याचा वरचा धातू धातू राहत नाही. त्याचं हिरव्या-तपकिरी क्षारात रूपांतर होतं. त्यालाच पटिना म्हणतात. ठशाने उमटवलेली अक्षरं आता त्या थरात असतात, आतल्या धातूत नव्हे. थर काढलात की अक्षरंच काढलीत. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, कोकम, सगळं बंद. चकाकणारं जुनं तांबं बघून खूश व्हायची आपली नजर इथे उलटी करावी लागते.

करायचं ते एवढंच. नाणं डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. पाणी मळकट होणं थांबेपर्यंत, कधी दोन आठवडे, कधी दोन महिने. मधूनमधून लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा. मऊ झालेली माती भिंगाखाली बांबूच्या टूथपिकने अक्षरांच्या कडेकडेने सोडवा. मी बाभळीचा काटाही वापरतो. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश हातात घेऊ नका. पुष्कळ जण ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने ठेवायला सांगतात. तेलातली आम्लं पटिनाही हळूहळू खातात, म्हणून मी ते सोडलं.

कुठे थांबायचं? राजा आणि टांकसाळ वाचता आली की थांबा. उरलेली माती राहू द्या.

हिरवी पूड

पटिना घट्ट असते, नखाने निघत नाही. पण नाण्यावर फिकट, पोपटी, पिठासारखी पूड दिसली आणि टोकरल्यावर खाली खड्डा निघाला, तर तो रोग आहे. मातीतल्या मिठातलं क्लोराइड तांब्याशी बसून राहिलेलं असतं. हवेतला दमटपणा मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, आम्ल ताजं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड, पुन्हा आम्ल. हे चक्र आपोआप थांबत नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तो हिरवा याचा चुलतभाऊ म्हणा.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. युरोपातल्या संग्रहात शांत पडलेलं नाणं इथे येऊन एका पावसाळ्यात फुलतं. असं नाणं दिसताच वेगळं करा, पूड टोकरून काढा आणि धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा डिस्टिल्ड पाण्यात मिसळून त्यात काही आठवडे, पाणी बदलत, ठेवा. पटिनाचा रंग थोडा बदलेल, तो सोसायचा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, पूर्ण वाळवून, महिनाभर नजरेखाली ठेवा. पूड परत आली नाही तरच इतरांत सोडा.

खोटी नाणी

लहान उत्तरकालीन नाण्यांत खोटं कमी, कारण खरंच स्वस्त आहे. सेस्टर्शियसमध्ये मात्र खोटेपणाची परंपराच आहे. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी कॅव्हिनोने रोमन धाटणीची इतकी सुरेख पितळी नाणी केली की त्यांचाच आता संग्रह होतो.

ओतलेलं खोटं नाणं ओळखायला कड बघा. साच्याच्या दोन भागांची सांधरेषा किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा दिसतील. पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक गोल भोकं आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. ठोकून पाडलेल्या खऱ्या नाण्याच्या कडेला बहुधा भेगा असतात. त्या खऱ्याच्या खुणा, घाबरू नका. आणि हाताने पाडलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. त्याच जागी तीच भेग, तेवढाच तिरका ठसा असं दुसरं नाणं सापडलं तर दोन्ही एका साच्यातली.

खोटी पटिना असते ती बहुधा रंगाची. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. हिरवा उतरला तर परत करा. त्याहून ओळखायला अवघड म्हणजे खऱ्याच झिजलेल्या नाण्यावर नव्याने कोरून काढलेले केस आणि दाढी. चेहऱ्यावरची झीज आणि केसांची धार यांचा मेळ बसत नसेल तर सोडून द्या. एका प्रदर्शनात मी असाच एक हेड्रियन (दाढीवाल्या सम्राटाचं नाणं) घेतला होता. त्याची दाढी अजून माझ्याकडे बघून हसते.

खरेदी आणि कायदा

परत घेण्याची लेखी हमी देणारा, वजन-व्यास छापणारा आणि नाणं कुठून आलं ते सांगणारा विक्रेता निवडा. 'आजोबांच्या ट्रंकेत सापडलं' या गोष्टीला शून्य किंमत. न धुतलेल्या नाण्यांच्या पिशव्या स्वस्त असतात, पण त्यांत इतरांनी निवडून उरलेला गाळ असतो आणि त्या कुठल्या शेतातून उकरल्या हे कुणी सांगत नाही. मी आता घेत नाही.

भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. बाहेरून आणताना कागदपत्रं आणि कस्टमची पावती जन्मभर जपा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनाही नियम आहेत: एकाच ठिकाणी दहा किंवा जास्त तांब्याची प्राचीन नाणी सापडली तर ती 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टखाली जाहीर करावी लागतात. सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ 2010 मध्ये एका मडक्यात 52,503 नाणी निघाली. सापडणाऱ्याने मधेच खणणं थांबवून तज्ज्ञांना बोलावलं, म्हणून मडक्यात कुठल्या थरात काय होतं ते कळलं.

रोमन तांबं भारतातही सापडतं, पण महाराष्ट्रात शोधायला जाऊ नका. पैठण, तेर ही गावं रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होती, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्तीही निघाली. चौथ्या-पाचव्या शतकातली झिजलेली लहान तांब्याची नाणी मात्र तमिळनाडूत, करूर आणि मदुराईच्या बाजूला, आणि श्रीलंकेत ढिगाने मिळाली. तिथे त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या.

ठेवायची कुठे

मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नको. ते पीव्हीसी, त्यातून आम्ल सुटून नाण्यावर हिरवा चिकटा येतो. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी: वजन, व्यास, वाचलेला लेख टिंबांसकट, कुणाकडून, कधी, कितीला.

न वाचलेल्या नाण्यांचं माझं एक वेगळं पाकीट आहे. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमाराला सगळा डबा उघडून पूड बघतो, तेव्हा त्या पाकिटालाही पुन्हा लँपखाली घेतो. त्यातल्या एका नाण्यावर 'कोसळलेला स्वार?' अशी चिठ्ठी चार वर्षं होती. गेल्या खेपेला ते हातातून निसटून टेबलावर अर्धा फेरा फिरून पडलं आणि खालच्या कडेचे दोन ठिपके वर आले. ते तारे होते. घोडा नव्हताच, लांडगी होती. चार वर्षं मी ती पाय वर करून बघत होतो.